देहातील ऊर्जेचा शोधक : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव



आपण हा लेख वाचीत असता ओळीमागून ओळीवर आपले डोळे फिरत आहेत, छाती संथपणे वरखाली होत आहे आणि हृदय दर मिनिटाला सत्तर-पंचाहत्तर वेळा आकुंचन पावत आहे. यांपैकी एकही हालचाल फुकट होत नाही. प्रत्येकीसाठी ऊर्जा खर्ची पडते. ती ऊर्जा आपण खाल्लेल्या भाकरीतून, भातातून किंवा पोळीतून येते, हे आपणांस शालेय पुस्तकांवरून ठाऊक असते. परंतु भाकरी गेली पोटात आणि हालचाल झाली डोळ्यांच्या स्नायूंत. या दोहोंच्या मध्ये काय घडते? चुलीत लाकूड जळते तेव्हा त्याची सारी उष्णता एकदम बाहेर पडते. देहातही अन्न जळते असे आपण म्हणतो, पण देह भाजून निघत नाही. मग ही ऊर्जा साठवली कोठे जाते, आणि जरूर पडेल तेव्हा, जरूर असेल तेवढीच, ती बाहेर कशी येते?

या प्रश्नाचे उत्तर जगाला मिळवून देणाऱ्या मोजक्या माणसांत एक आपल्या देशाचा होता. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे त्यांचे नाव. आपण कदाचित ते ऐकले असेल. पण त्यांनी नेमके काय केले हे विचारले तर पुष्कळांना सांगता येणार नाही. म्हणून त्यांच्या चरित्राची आणि त्यांच्या शोधाची ओळख येथे एकत्रच करून घेऊ या.

नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी पूर्वेकडे जात जात जेथे समुद्राला मिळते, त्या सुपीक प्रदेशात भीमावरम हे गाव आहे. तेव्हा ते मद्रास इलाख्यात होते. आज ते आंध्र प्रदेशात आहे. तेथे १२ जानेवारी १८९५ रोजी सुब्बारावांचा जन्म झाला. वडील जगन्नाथम् महसूल खात्यात साधी नोकरी करीत. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना लवकर निवृत्त व्हावे लागले आणि सात मुलांचे घर ओढगस्तीत सापडले. सुब्बाराव तेरा वर्षांच्या सुमारास घर सोडून निघाले. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकावीत आणि पैसा मिळवावा, असा त्यांचा बेत होता. आई वेंकम्मा मोठ्या करारी होत्या. त्यांनी मुलाला परत आणले आणि पुन्हा शाळेत बसवले.

शाळेतही यश सहजासहजी आले नाही. मॅट्रिकच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले. शिक्षणाच्या खर्चासाठी आईने अंगावरचे दागिने विकले. अखेर मद्रासला राहून तिसऱ्या प्रयत्नात ते उत्तीर्ण झाले. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असता त्यांचा ओढा संन्यासाकडे वळला. रामकृष्ण मिशनमध्ये प्रवेश करून सेवेत आयुष्य घालवावे, असे त्यांना वाटू लागले. आईने त्यास संमती दिली नाही. सेवाच करायची तर वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, असा सल्ला त्यांना मिशनमधूनच मिळाला, आणि ते मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले.

तो काळ स्वदेशीच्या चळवळीचा होता. सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा अंगरखा घालून जाऊ लागले. शल्यशास्त्राच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा एम.बी.बी.एस. ही पूर्ण पदवी त्यांच्या वाट्याला आली नाही. तिच्याहून कमी दर्जाच्या एल.एम.एस. या प्रमाणपत्रावर त्यांना समाधान मानावे लागले. या प्रमाणपत्राच्या बळावर सरकारी वैद्यकीय सेवेत शिरकाव होणे कठीण होते.

याच वर्षांत घरावर आणखी एक आघात झाला. त्यांचे दोन भाऊ उष्ण प्रदेशात आढळणाऱ्या संग्रहणीच्या विकाराने, म्हणजे ज्याला डॉक्टर स्प्रू म्हणतात त्याने, काही दिवसांच्या अंतराने दगावले. या रोगात खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. अतिसार थांबत नाही, रक्त पातळ होत जाते आणि माणूस अन्न समोर असूनही उपासमारीने झिजतो. पुढे स्वतः सुब्बाराव याच व्याधीने आजारी पडले. मद्रासचे विख्यात वैद्य डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या उपचारांनी ते बरे झाले आणि त्यांच्याच आयुर्वेद महाविद्यालयात शिकवू लागले. ज्या औषधाने आपण वाचलो त्यात नेमके काय होते, आणि आपले भाऊ का वाचू शकले नाहीत, हा प्रश्न त्यांना पुढे कधीच सोडून गेला नाही.

१९१९ मध्ये त्यांचा विवाह शेषगिरी यांच्याशी झाला. अमेरिकेत जाऊन उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यास करावा, असे त्यांच्या मनाने घेतले होते. सासऱ्यांनी पैशाची जुळवाजुळव केली, काकिनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेनेही मदत देऊ केली आणि १९२० च्या दशकाच्या प्रारंभी सुब्बाराव बॉस्टनला पोहोचले. काही वर्षांत परत येतो, असे पत्नीला सांगून ते निघाले होते. त्यांच्या मागे मुलगा जन्मला आणि वर्षाचा होण्यापूर्वीच वारला. पित्याने त्याचे मुखही पाहिले नाही.

हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण पोटाची सोय नव्हती. मद्रासच्या प्रमाणपत्रावर अमेरिकेत डॉक्टरकी करता येत नसे. म्हणून वैद्यकी शिकलेला हा तरुण रात्रीच्या वेळी तेथील रुग्णालयात हरकाम्याची नोकरी करू लागला. रुग्णांची मलमूत्राची भांडी उचलणे व धुणे हे त्याचे काम. दिवसा अभ्यास आणि रात्री ही चाकरी, असे दिवस त्यांनी काढले. उष्णकटिबंधीय वैद्यकाची पदविका घेतल्यावर ते हार्वर्डच्याच जीवरसायनशास्त्र विभागात आले. ऑटो फोलिन हे विभागाचे प्रमुख होते आणि सायरस फिस्क हे सुब्बारावांचे मार्गदर्शक झाले.

फिस्क यांनी त्यांना दिलेले काम वरवर पाहता अगदी रुक्ष होते. रक्तात, लघवीत आणि देहाच्या निरनिराळ्या भागांत फॉस्फरस किती आहे हे अचूक मोजण्याची पद्धत शोधून काढायची. आपल्या हाडांत फॉस्फरस असतो हे जुनेच ज्ञान होते, पण स्नायूंत आणि यकृतातही तो निरनिराळ्या संयुगांच्या रूपाने असतो. त्याचे काम काय, हे कोणालाच नीट उमगले नव्हते. कारण मोजण्याचे साधनच धड नव्हते. फिस्क आणि सुब्बाराव यांनी जी रीत बसवली ती अशी : तपासावयाच्या द्रवात आम्ल आणि मॉलिब्डेनम धातूचा क्षार मिसळायचा, त्यात फॉस्फेट असेल तर दोहोंचा संयोग होतो, मग आणखी एक द्रव्य घालताच निळा रंग उमटतो. रंग जितका गडद तितका फॉस्फरस अधिक. १९२५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. आज शंभर वर्षे उलटून गेली तरी जीवरसायनाच्या विद्यार्थ्यांना ती फिस्क-सुब्बाराव पद्धत या नावानेच शिकवली जाते.

वाचकहो, अचूक मोजमापाला आपण पुष्कळदा कारकुनी काम समजतो. पण पुढील सारा इतिहास या निळ्या रंगातून घडला. स्नायूंचा अर्क तपासताना त्यांच्या लक्षात आले की रंग एकदम चढत नाही. प्रथम थोडा दिसतो आणि मग हळूहळू गडद होत जातो. एखाद्याने हा पद्धतीचा दोष मानून सोडून दिला असता. या दोघांनी विचार केला की फॉस्फेट आरंभी कशाला तरी बांधलेले असावे आणि परीक्षेतील द्रवाच्या संपर्काने ते सुटे होत असावे. शोध घेता ते फॉस्फेट क्रिएटिन नावाच्या द्रव्याला जोडलेले आढळले. याआधीच्या संशोधकांच्या हातून हे नाजूक संयुग तपासणीतच मोडून जाई, आणि ते त्यास साधे सुटे फॉस्फेट समजत. स्नायूला काम करावयास लावले की हे क्रिएटिन फॉस्फेट कमी होते आणि विश्रांती मिळाली की पुन्हा भरून येते, असेही दिसले. हा शोध १९२७ मध्ये जाहीर झाला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये फिलिप व ग्रेस एगलटन या दांपत्यालाही स्नायूंतील हे नाजूक फॉस्फेट स्वतंत्रपणे आढळले होते.

या शोधाचे महत्त्व कळण्यासाठी तेव्हाची समजूत पाहिली पाहिजे. स्नायूंत साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार होते आणि त्या आम्लामुळेच स्नायू आखडतो, असे मानले जात असे. स्नायूंतील उष्णता, प्राणवायू आणि लॅक्टिक आम्ल यांचा संबंध उलगडल्याबद्दल आर्चिबाल्ड हिल आणि ऑटो मायरहोफ यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. क्रिएटिन फॉस्फेटच्या शोधाने त्या समजुतीला तडा गेला. १९३० मध्ये डेन्मार्कच्या आयनर लुंडसगार्ड यांनी स्नायूंतील लॅक्टिक आम्लाची निर्मिती विषप्रयोगाने पूर्णपणे बंद केली. तरीही तो स्नायू आखडत राहिला आणि त्या वेळी क्रिएटिन फॉस्फेट तेवढे खर्च होत गेले. हालचालीचे मूळ आम्लात नसून फॉस्फेटमध्ये आहे, हे आता उघड झाले.

दरम्यान १९२९ मध्ये दुसरा आणि याहून मोठा शोध लागला होता. स्नायूंच्या अर्कातून फिस्क आणि सुब्बाराव यांनी आणखी एक संयुग वेगळे केले. त्यात ॲडेनिन हा एक घटक, रायबोज ही साखर आणि एकापुढे एक जोडलेले तीन फॉस्फेट गट होते. त्याचे नाव ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट. आज शाळेतील मुलेही त्याला एटीपी म्हणून ओळखतात. आपल्याकडे कधी कधी असे लिहिले जाते की एटीपीचा शोध एकट्या सुब्बारावांनी लावला. ते बरोबर नाही, आणि त्यांच्या मोठेपणाला त्याची गरजही नाही. जर्मनीत मायरहोफ यांच्याच प्रयोगशाळेतील कार्ल लोमान यांचा लेख त्याच वर्षी, दोन महिने आधी, प्रसिद्ध झाला होता. महासागराच्या दोन बाजूंना दोन प्रयोगशाळा एकमेकींवर अवलंबून न राहता एकाच वस्तूपाशी येऊन पोहोचल्या, हे खरे. १९३० मध्ये हार्वर्डने सुब्बारावांना पीएच.डी. दिली.

आता आपण आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. अन्नातील ऊर्जा देहात कशी साठते? दीर्घकाळच्या साठ्यासाठी देह चरबीचा आणि ग्लायकोजेन नावाच्या साखरेच्या संयुगाचा उपयोग करतो. या जणू मोठ्या नोटा आहेत. पण पाचशेची नोट घेऊन कोथिंबिरीची एक जुडी घ्यावयास गेलो तर भाजीवाली मोड मागते. पेशीचेही तसेच आहे. एखादा स्नायूचा धागा ओढणे, एखादा क्षाराचा कण पेशीबाहेर काढणे, एखाद्या प्रथिनाची साखळी एका दुव्याने वाढवणे, अशी तिची कामे बारीक असतात. त्यांसाठी तिला सुटे पैसे लागतात. एटीपी हे ते सुटे पैसे होत.

एटीपीच्या तिन्ही फॉस्फेट गटांवर ऋण विद्युतभार असतो आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. पाण्याच्या संयोगाने शेवटचा गट सुटला की मागे दोन फॉस्फेटचे संयुग, म्हणजे एडीपी, आणि एक सुटा फॉस्फेट उरतो. हे उरलेले पदार्थ आधीच्यापेक्षा अधिक स्थिर असतात. या दोन स्थितींमधला जो फरक, तीच कामास येणारी ऊर्जा. पेशीतील प्रथिने अशी घडलेली असतात की ही ऊर्जा नुसती उष्णता होऊन वाया न जाता नेमून दिलेल्या कामास लागते. मग अन्नापासून मिळालेल्या ऊर्जेने एडीपीला पुन्हा फॉस्फेट जोडला जातो आणि एटीपी तयार होते. क्रिएटिन फॉस्फेट हे दुकानदाराने गल्ल्यात हाताशी ठेवलेल्या मोडीसारखे असते. एकदम जोरात धावण्याची वेळ आली की स्नायूंतील एटीपी दोन-तीन सेकंदांत संपू लागते. तेव्हा क्रिएटिन फॉस्फेट आपला फॉस्फेट एडीपीला देऊन आणखी काही सेकंदांची सोय करते. तोवर साखरेचे विघटन वेग घेते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या सबंध शरीरात कोणत्याही क्षणी असलेले एटीपी शंभर ग्रॅमच्या आसपासच भरते. परंतु दिवसभरात तेच पुन्हा पुन्हा मोडून आणि पुन्हा पुन्हा घडवून जेवढे वापरले जाते त्याचे वजन जवळजवळ आपल्या देहाच्या वजनाइतके होते. एटीपीची साठवण करता येत नाही. रानात इस्राएल लोकांना मिळालेला मान्ना जसा उद्यासाठी ठेवता येत नसे, तो रोज नव्याने गोळा करावा लागे, तसेच हे आहे. फरक इतकाच की पेशीला ते दर दिवशी नव्हे, दर क्षणी करावे लागते. श्वास थांबला तर काही मिनिटांत मेंदूला इजा होते, त्याचे कारणही हेच. मोड संपते आणि नवी घडवता येत नाही.

ही मोड कोठे घडते, हे सुब्बारावांच्या हयातीत पूर्णपणे कळले नव्हते. साखरेचे पहिले विघटन पेशीतील द्रवात होते आणि त्यातून ग्लुकोजच्या एका रेणूमागे दोनच एटीपी हाती लागतात. उरलेले काम तंतुकणिका या पेशीतील सूक्ष्म अंगकांत चालते. तेथे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन पायरीपायरीने उतरत प्राणवायूपर्यंत पोहोचतात. त्या उतरणीतील ऊर्जेने हायड्रोजनचे भारित कण पातळ पडद्याच्या बाहेर ढकलले जातात. धरणात अडवलेल्या पाण्याप्रमाणे ते परत आत येऊ पाहतात, आणि येताना एका प्रथिनाचे चक्र फिरवतात. हे फिरणारे चक्र एडीपीला फॉस्फेट जोडते. अशा रीतीने ग्लुकोजच्या एका रेणूपासून एकूण तीसच्या आसपास एटीपी मिळतात. आपण घेतलेला प्राणवायू शेवटी कशासाठी लागतो, याचे उत्तर हे आहे. पडद्याच्या दोन बाजूंतील ही कल्पना इंग्लंडच्या पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली आणि त्यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चक्राचे रहस्य उलगडणारे पॉल बॉयर आणि जॉन वॉकर १९९७ च्या पारितोषिकाचे मानकरी ठरले. एटीपी हे सर्व सजीवांचे ऊर्जेचे चलन आहे, हा विचार फ्रिट्झ लिपमान यांनी १९४१ मध्ये सविस्तर मांडला होता. जिवाणूपासून वडाच्या झाडापर्यंत आणि मुंगीपासून माणसापर्यंत सर्वत्र हेच चलन चालते.

एवढ्या मोठ्या इमारतीच्या पायात ज्याचे श्रम होते, त्याला हार्वर्डने काय दिले? कायमची जागा दिली नाही. दीड दशकाहून अधिक काळ सुब्बाराव तेथे खालच्या पदावर राबत राहिले. फिस्क यांच्याकडे त्या काळात शिकलेले आणि पुढे १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनी नंतर असे सांगितले की, सुब्बारावांनी वेगळी केलेली काही द्रव्ये इतरांना अनेक वर्षांनी पुन्हा नव्याने शोधावी लागली, कारण फिस्क यांनी ते काम प्रकाशात येऊ दिले नाही. सुब्बारावांनी याबद्दल कोठे तक्रार मांडली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ले या औषधनिर्मिती करणाऱ्या प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तेथील संशोधनाचे संचालक झाले.

आता जुना प्रश्न पुन्हा हाती घेण्याची संधी आली. १९३० च्या सुमारास ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाईंनी आपल्या मुंबईत गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला होता. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांना आढळले. त्या अर्कात आणि यकृतात असणारे गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल. ते नैसर्गिक रूपात अतिशय थोडे मिळे. सुब्बारावांच्या सहकाऱ्यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले आणि १९४५ मध्ये ही वार्ता जाहीर झाली. त्या निबंधावर सोळा नावे आहेत. संचालकांचे नाव त्यांत इतरांच्या ओळीत, मध्येच कोठे तरी आहे. फोलिक आम्ल मिळू लागताच डॉक्टरांनी ते संग्रहणीच्या रोग्यांना देऊन पाहिले, आणि त्यांचे रक्त सुधारू लागले. ज्या रोगाने दोन भाऊ नेले त्यावरील उपाय हाती आला होता. भावांना जाऊन तेव्हा पंचवीसएक वर्षे झाली होती.

फोलिक आम्लाशी साधर्म्य असलेली पण त्याच्या कार्यात अडथळा आणणारी संयुगेही त्यांच्या प्रयोगशाळेत बनली. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन हे बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या बालकांना दिले. १९४८ मध्ये त्यांनी जाहीर केले की सोळांपैकी दहा बालकांत रोग काही काळ मागे हटला. त्याच जातीचे मेथोट्रेक्झेट हे औषध आजही कर्करोगावर आणि संधिवातावर वापरले जाते. हत्तीरोगावरचे डायएथिलकार्बामाझिन हेही लेडर्लेमध्ये त्यांच्याच देखरेखीखाली विकसित झाले. विदर्भातील काही जिल्ह्यांत आणि देशाच्या इतर अनेक भागांत हत्तीरोगविरोधी मोहिमेत घरोघर ज्या गोळ्या दिल्या जातात, त्यांत हे औषध असते. ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन वर्गातील पहिले प्रतिजैविकही सुब्बाराव संचालक असतानाच तेथे बेंजामिन डग्गर यांनी शोधले.

अमेरिकेत हिंदी लोकांना नागरिकत्व घेण्यास १९२३ पासून बंदी होती. ती १९४६ मध्ये उठली, तरी सुब्बारावांनी नागरिकत्व घेतले नाही. ते हिंदीच राहिले. पण मायदेशी परत येणेही घडले नाही. ८ ऑगस्ट १९४८ रोजी झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आले होते. त्याच वर्षी केंब्रिज येथे अलेक्झांडर टॉड यांच्या प्रयोगशाळेत एटीपी प्रथमच कृत्रिम रीतीने तयार झाले. भारत सरकारने १९९५ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, सुब्बारावांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

वाचकहो, थोरांची चरित्रे लिहिताना जमेची बाजू तेवढी मांडण्याचा मोह होतो. या चरित्रात खर्चाची बाजूही आहे आणि तो खर्च दुसऱ्या कोणी सोसला. काही वर्षांत परत येतो असे सांगून गेलेल्या पतीची वाट शेषगिरी यांनी सुमारे पंचवीस वर्षे पाहिली. मूल गेले ते त्यांनी एकटीने सोसले. त्या दोघांची पुन्हा भेट झाली नाही. ज्या औषधांनी लाखो घरांतली मुले आणि माता वाचल्या, त्यांच्या किमतीत या घराचाही वाटा आहे. सुब्बारावांचे नाव घेताना त्या माउलीचेही नाव घ्यावे, हे न्यायाचे होईल.

आणि आपल्यापैकी जे आईवडील आहेत त्यांच्यासाठी शेवटी एक गोष्ट. दोनदा नापास झालेला, घरातून पळालेला, हव्या त्या पदवीस मुकलेला आणि रात्री रुग्णालयातील भांडी धुणारा हा मुलगा होता. यातील कोणत्याही टप्प्यावर त्याच्याबद्दलची आशा सोडून देण्यास लोकांना पुरेसे कारण होते. आई वेंकम्मांनी ती सोडली नाही. परीक्षेचा निकाल हाती घेऊन मान खाली घालून बसलेले एखादे मूल आपल्याही घरी असेल. त्याला आज जेवू घालताना आपण दोन शब्द धीराचे बोला. तो आणखी एकदा प्रयत्न करील.